पाखरं कुणावर झेपावतात

१

आसनगाव स्टेशनात तिकीट खिडकीवर बसणारी ललिता पष्टे दर वैशाखात पंधरा दिवसांची रजा काढते. मग डोळखांबच्या पुढं, डोंगराच्या पोटात असलेल्या एका लहान धरणावर जाऊन पाखरं मोजते. गेली सात वर्षं तिचा हा नेम होता. खिडकीवरची दिपिका दरवर्षी तिला तेच विचारायची, "रजा काढून उन्हात बसायचं?" आणि ललिताही दरवर्षी तेच सांगायची, "इथं नुसते हात दिसतात. तिथं अख्खं पाखरू दिसतं."

वैशाखात धरणाचं पाणी उतरलं की मधोमध एक टेकाड उघडं पडतं. लांबी असेल शंभर-सव्वाशे पावलं. झाड नाही, झुडूप नाही, नुसती रेती आणि खडी. टोकाला पाण्याची पातळी मोजायचा एक दगडी खांब, त्यावर फुटांचे आकडे रंगवलेले. या बेटावर नदी सुरय नावाची पाखरं अंडी घालायला येतात. करडी पाठ, काळी टोपी, पिवळीधमक चोच. घरटं म्हणजे रेतीत पोटानं केलेला खळगा, बाकी काही नाही. उन्हाचा तडाखा वाढला की आई-बाप पाण्यावर जाऊन पोट भिजवून येतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. अर्धा-पाऊण तास घरटं उघडं राहिलं तर अंडं आतल्या आत शिजतं.

त्या साली ललितानं पहिल्या दिवशी त्रेचाळीस घरटी मोजली. काठावरच्या कातळावर छत्री रोवून, तिपाईवरची दुर्बीण लावून ती सहा वाजल्यापासून बसलेली होती. सगळं ठाकठीक होतं.

सुरय कशाला उठतात हे तिला बसल्या जागी कळायचं. घार आली की सगळा थवा एकदम वर चढतो आणि आरडाओरडा करतो. कावळा आला की दोघं-तिघंच उठतात आणि त्याला पाण्यापार घालवून येतात. साप निघाला तर अगदी जमिनीलगत झेपा घेतात. आणि माणूस आला तर त्याच्या डोक्यावर गोल धरतात आणि एकेक जण पाठीमागून येऊन टाळूवर झेपावतो. समोरून कधी येत नाहीत, कारण माणसाच्या डोळ्यांना ते भितात.

त्या दिवशी नऊ चाळीसला सुरय उठले, आणि माणूस आल्यावर उठतात तसे उठले.

ललितानं दुर्बीण फिरवली. बेटावर कुणी नव्हतं.

२

तिला आधी वाटलं, आपल्याला दिसत नाही इतकंच. पण बेट उघडं होतं. ससा लपला असता तरी दिसला असता. गोल मात्र पक्का धरलेला होता आणि तो हळूहळू सरकत होता. पाण्याच्या कडेपासून निघाला आणि बेटाच्या मध्यावर येऊन थांबला. चालणारं माणूस जितक्या वेळात तेवढं चाललं असतं, तितकाच वेळ लागला.

साप नव्हता, कारण झेपा जमिनीपर्यंत जातच नव्हत्या. पाखरं वरच्या वर वळत होती. ललितानं पाखरांमागं दिसणाऱ्या दगडी खांबाशी मेळ घालून पाहिलं. पाखरं पाच फुटांच्या आकड्याशी वळत होती. मध्यावर थांबल्यानंतर तीन फुटांशी वळू लागली.

"बसलं," ती पुटपुटली. मग आपलंच बोलणं ऐकून तिला कसंसंच झालं.

वीस मिनिटांनी पाखरं परत घरट्यांवर उतरली. ललितानं वहीत लिहिलं : '९.४०. उठले. कारण कळलं नाही.' वहीत तिनं असं कधी लिहिलेलं नव्हतं.

३

तिचा मुक्काम गोमा आगिवलेकडं असायचा. गोमा साठीचा, धरणात जाळं टाकून मासे धरणारा. धरणात होडी एकच होती आणि ती त्याची होती. त्याची बायको लहानी. दोघांचं कुडाचं घर पाड्याच्या टोकाला, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर.

दुपारी लहानीनं नाचणीची भाकर आणि माशाचं कालवण वाढलं. ललितानं विचारलं, "गोमादादा, बेटावर हल्ली कोण जातं?"

"कुनी नाय."

"तुम्ही?"

गोमाचा घास हातात राहिला. "ताई, तुमीपन त्याच्यासारकंच इचारता."

'त्याच्यासारखं' म्हणजे वनरक्षक रोशनसारखं. गेल्या वर्षी बेटावरची सगळी अंडी फुकट गेली होती. एक पिल्लू म्हणून उडालं नाही. आता होडी एकट्या गोमाकडं, तेव्हा संशय त्याच्यावर गेला. अंडी खायला नेतो, नाहीतर पाखरांना उठवतो. यंदा पुन्हा तसंच झालं तर चैत्रापासून पावसापर्यंत धरणात होडी घालायची नाही, असं रोशन सांगून गेला होता. त्या तीन महिन्यांत शेतात काम नसतं. गोमाच्या घरी चूल पेटते ती जाळ्यावर.

"मी त्या टेकाडाकडं जाळंबी टाकत नाय," गोमा म्हणाला. "पाखरांच्या वाटंला जाऊन मला काय गावनार?"

"रोशन तुमचं ऐकल," लहानी ललिताला म्हणाली. "तुमचं लिवल्यालं असतंय. तुमी लिवा का ह्ये नाय गेले."

ललितानं मान हलवली. गोमा गेला नाही हे तिला लिहिता आलं असतं. पण मग कोण गेलं?

४

दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ चाळीस. तिसऱ्या दिवशीही. बसणं वीस मिनिटांवरून पंचवीसवर गेलं, मग पस्तिसावर.

ललिता काही भोळी नव्हती. तिनं एकेक शंका काढून बाजूला ठेवली. उन्हाच्या झळांनी पाखरं फसत असतील म्हणावं, तर झळा बाराला जास्त असतात आणि तेव्हा पाखरं शांत असतात. वर उंच ससाणा असेल म्हणावं, तर झेपा खाली होत्या. कुणाचा काही खोडसाळपणा म्हणावा, तर तो पाण्यातून येऊन पाण्यात जाणार कसा? शंका संपल्या. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटत होतं ते कुतूहल. सात वर्षांत या बेटानं तिला नवीन असं काही दाखवलं नव्हतं. आता रात्री अंथरुणावर पडलं की कधी एकदा नऊ चाळीस होतात असं तिला व्हायचं.

चौथ्या दिवशी तिनं गोमाला कातळावर बसवलं. "माझ्या डोळ्यांवर भरवसा नको. तुम्ही बघा."

पाखरं उठली. गोमा दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बसला. मग बाजूला झाला आणि टॉवेलनं तोंड पुसलं.

"मानूस हाय," तो म्हणाला.

"दिसतोय?"

"नाय. पन पाखरं खोटं कशाला बोलतील?"

त्या दिवशी चाळीस मिनिटं झाली. पाखरं उतरली तेव्हा चार सुरय आपापल्या खळग्याशी उभे राहिले आणि बसलेच नाहीत. अंडी गेली होती. त्रेचाळिसाचे एकोणचाळीस झाले. ललितानं आकडा लिहिला आणि प्रथमच तिला त्या बसणाऱ्याचा राग आला.

५

पाचव्या दिवशी तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ती इतकी उघड होती की आधी कशी सुटली याचंच तिला नवल वाटलं.

सुरय पाठीमागून झेपावतात. म्हणजे पाखरं ज्या बाजूनं येतात तिकडं त्याची पाठ. पाखरं पलीकडच्या डोंगराकडून येत होती आणि तिच्याकडं येऊन वर वळत होती.

त्याची पाठ डोंगराकडं होती. तोंड कातळाकडं होतं.

ती दुर्बिणीपासून मागं सरली. छत्रीच्या सावलीत असूनही तिची मान घामानं भिजली होती. मग तिनं स्वतःला समजावलं, कुठंतरी तोंड करून बसणारच की. बसणाऱ्याला चार दिशा. त्यात ही एक निघाली.

खात्री करायला सहाव्या दिवशी ती पहाटे उठून धरणाला वळसा घालून पलीकडच्या काठाला गेली. दोन तासांची चाल होती. तिथं एका करवंदीच्या जाळीमागं बसली. बाहेरून तिचा पदरही दिसला नसता.

नऊ चाळीसला गोल निघाला, मध्यावर आला, खाली बसला. पहिल्या दोन-तीन झेपा डोंगराच्या बाजूनं, म्हणजे तिच्याच बाजूनं झाल्या. कातळाकडंच बघतंय, असं तिच्या मनात आलं आणि तिला हायसं वाटलं.

मग पाखरं गोंधळल्यासारखी झाली. गोल अर्धा फिरला. पुढची झेप कातळाच्या बाजूनं आली. तिच्या पुढचीही. मग सगळ्याच.

त्यानं वळून बसायला तेवढा वेळ घेतला होता.

६

लहानीनं सगळं ऐकलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, राग नका मानू. मी रोज सकाळी त्या अंगाला धुनं धुवायला जाते. तुमी यायच्या आदी पाखरं बसल्यालीच हुती. कदी उठली नाय."

"म्हणजे मी आल्यावरच?"

"गेल्या सालीबी तुमी यिऊन गेल्यावरच उठाय लागली. त्याच्या आदी नाय. त्या आदी तुमी नुस्त्या डोळ्यानं बघायच्या. ती तीन पायाची नळी गेल्या सालापासनं आनली तुमी."

हे खरं होतं. ती दुर्बीण गेल्याच वर्षी घेतली होती. पाखराच्या डोळ्यातली चमक दिसावी इतकं जवळ आणायची ती दुर्बीण. तिनं पाखरांकडं जवळून पाहायला सुरुवात केली आणि तिकडून कुणीतरी तिच्याकडं पाहू लागलं. याला कारण काय, हे तिला कळेना, आणि कळण्यासारखं काही होतं असंही वाटेना.

गोमा दारात बसून जाळ्याची भोकं शिवत होता. तो म्हणाला, "तर मग तुमी जावा. उद्या पैल्या जीपनं."

"गेल्या साली मी गेलेच की रजा संपल्यावर. तरी सगळी अंडी गेली," ललिता म्हणाली. "मी गेले आणि ते तिथंच वाट बघत बसून राहिलं तर?"

गोमाची सुई थांबली.

"मी कातळावर असले की कातळाकडं तोंड. डोंगराकडं गेले की डोंगराकडं. त्याला बेटाशी काही घेणं नाही, दादा. त्याला तिथून उठवायला हवं."

"कसं?"

"होडीतून. बेटावर पाय ठेवायचा नाही, पाखरांना त्रास नको. नुसतं जवळ जायचं आणि परत फिरायचं."

"आन् आलं तर?"

खरं म्हणजे तिला ते पाहायचं होतं. गोमाच्या जाळ्यासाठी, अंड्यांसाठी ती निघाली होती हे खरंच. पण तेवढ्यासाठीच निघाली होती असं नाही, हे तिला स्वतःला ठाऊक होतं.

लहानी सूप घेऊन उठली. "मला इचाराल तर नका जाऊ," ती म्हणाली. "पन माझं कोन ऐकतंय."

७

दुसऱ्या दिवशी साडेनऊला होडी सुटली. गोमा मागच्या टोकाला वल्हं घेऊन, ललिता पुढच्या टोकाला त्याच्याकडं तोंड करून. मध्ये बसायची एक फळी होती, ती रिकामी. दुर्बीण तिनं पिशवीत बांधून पायाशी ठेवली होती.

बेटापासून वीसेक हातांवर गोमानं होडी थांबवली. दोन-चार सुरय उठून डोक्यावरून घिरट्या घालून परत बसले. पाणी आरशासारखं होतं.

नऊ चाळीसला थवा उठला.

गोल नेहमीच्या जागेवरून निघाला, पण मध्यावर गेला नाही. सरळ कडेकडं, होडीच्या दिशेनं आला. कडेला थांबला. पाखरांचा कलकलाट कानात मावत नव्हता. मग गोल पाण्यावर आला. पाणी कुठं हललं नाही, उडालं नाही.

होडी खाली बसली. चार बोटं, जास्त नाही. माणूस चढल्यावर जेवढी बसते तेवढी.

गोमाच्या हातातलं वल्हं तसंच राहिलं. तो मधल्या फळीकडं बघत होता. ललिताही बघत होती. फळीवर काही नव्हतं. उन्हानं पांढरं पडलेलं लाकूड आणि दोन खिळे.

पाखरं तीन जागी झेपावत होती. काही गोमावर. काही ललितावर, एका चोचीनं तिच्या डोक्यावरचा टॉवेल ओढलासुद्धा. आणि बाकीची मध्ये, फळीच्या वर. मधली पाखरं गोमाच्या डोक्यावरून येत होती आणि तिच्या तोंडासमोरून वर वळत होती.

म्हणजे तोंड तिच्याकडं होतं. हातभर अंतरावर.

एक सुरय पोट भिजवून आलेला होता. त्याच्या पिसांतून पाण्याचे थेंब गळले. दोन फळीवर पडले आणि लगेच सुकले. तिसरा फळीपर्यंत आला नाही. तो हवेत थांबला, ललिताच्या डोळ्यांच्या उंचीवर, क्षणभर तसाच राहिला, आणि मग गालावरून ओघळावा तसा सावकाश, वळण घेत खाली उतरला.

ललितानं तो थेंब शेवटपर्यंत पाहिला. "दादा, वल्हवा," ती म्हणाली. आपला आवाज इतका साधा कसा निघाला, याचं तिला नंतर नवल वाटत राहिलं.

गोमानं वल्हं मारलं. होडी जड चालत होती. अर्ध्या वाटेवर सुरय एकेक करून मागं फिरले आणि बेटावर उतरले. काठ आला. गोमा गुडघाभर पाण्यात उतरला, ललिता उतरली, आणि त्यानंतर जरा वेळानं होडी आपोआप चार बोटं वर आली.

काठावर टिटव्या होत्या. ललिता पायवाटेला लागली तशा त्या ओरडून उठल्या. ती पुढं गेली, टिटव्या खाली बसल्या. आणि पुन्हा उठल्या, तिच्या पाठीमागं दहा पावलांवर.

पाड्यावर ती थांबलीच नाही. लहानीनं तिची कपड्यांची पिशवी आणून वाटेवर दिली. हातात हात घेतला, पण घरात ये म्हणाली नाही. ललितालाही ते वावगं वाटलं नाही.

८

ललिता आसनगावला एकटीच राहते. स्टेशनामागं एका चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. ती परतली, कामावर रुजू झाली, दिपिकानं "लवकर आलीस?" म्हणून विचारलं, तेव्हा "ऊन सोसलं नाही" एवढंच म्हणाली.

दिवसा बाहेर तिला अडचण नव्हती. झाडाखालून गेलं की साळुंक्या एकदा तिच्यासाठी उडत आणि परत बसायच्या आत पुन्हा एकदा उडत. त्यावरून ते किती मागं आहे हे कळायचं. दहा पावलं, कधी आठ. त्रास काही नव्हता.

घरात मात्र पाखरं नसतात. दार लावलं की ते कुठं आहे हे कळायला काही साधनच उरत नव्हतं. ती स्वयंपाक करी, जेवे, दिवा मालवी, आणि सगळा वेळ कान देऊन बसे. चार दिवस तिनं असे काढले. पाचव्या दिवशी, रविवारी, तिनं आतल्या खोलीची खिडकी सताड उघडली, फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत तांदळाची कणी पसरली आणि बाहेरच्या खोलीतून फटीतून पाहत बसली.

तासाभरानं चिमण्या आल्या. आधी दोन, मग दहा-बारा. टुणटुण उड्या मारत त्यांनी खोलीभर कणी टिपली, कपाटाखालची, कोपऱ्यातली. पोट भरल्यावर उडून गेल्या.

ललिता आत गेली. फरशी स्वच्छ झाली होती. फक्त पलंगापासून दोन हातांवर एका जागी कणी जशीच्या तशी होती. गोल जागा होती. मांडी घालून बसलं तर व्यापेल एवढी.

ती दारातच उभी होती तेव्हा मोबाईल वाजला. गोमा होता, पाड्यावरून कुणाच्या तरी फोनवरून.

"ताई, सांगायचं हुतं. रोशन येऊन बघून गेला. पाखरं उठली नाय पुन्यांदा. तीसच्या वर पिल्लं निघालीत. होडीचं काय बोलला नाय त्यो."

"बरं झालं, दादा. फार बरं झालं."

"समदी बसल्यात निवांत." तो थांबला. "आन् तुमच्याकडं?"

ललितानं कणीच्या गोलाकडं पाहिलं.

"इथंही बसलंय," ती म्हणाली.

गोमानं हळूच विचारलं, "तोंड कुनीकडं हाय?"

"चिमण्या अंगावर जात नाहीत, दादा. ते कळायला मार्ग नाही."

त्यानं फोन ठेवला. बाहेर रविवारची दुपार होती, खाली कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. ललिताला बसायचं होतं, पाय दुखत होते. पण त्या गोलाच्या कोणत्या बाजूला बसावं हे तिचं ठरेना. म्हणून ती दारात उभीच राहिली.